डोंगरापलीकडचे भोपळे

त्या रानात पक्षी पुष्कळ होते, पण त्यांची घरे बाहेरून येत असत.

पूर्वी असे नव्हते. केरबा नावाचा तांबट पक्षी रानातल्या सगळ्यांसाठी ढोल्या कोरत असे. कोणी ढोली मागायला आले की तो आधी त्याला पंख पसरायला लावी, अंडी किती घालणार ते विचारी आणि मग योग्य फांदी निवडून आठ-दहा दिवस टुकटुक करत बसे. बदल्यात उंबराची, वडाची फळे घेई आणि रानातच या झाडावर, त्या झाडावर बसून खाई. कामाला वेळ लावी आणि बोलायला फटकळ होता, एवढेच काय ते त्याचे दोष.

मग एका वर्षी डोंगरापलीकडून धनेश आले. मोठ्या चोचींचे, रुबाबदार पक्षी. पलीकडे नुसता खडकाळ माळ आहे, असे म्हातारे पक्षी सांगत. धनेशांनी वाळवून पोखरलेले भोपळे आणले होते. सगळे एका मापाचे, गुळगुळीत, लगेच राहायला जाता येईल असे. ते केरबापेक्षा थोडी कमी फळे घेत आणि घेतलेली फळे चोचीत भरून डोंगरापलीकडे नेत.

पहिला भोपळा आवडाक्का साळुंकीने घेतला. तो घेऊन ती थेट केरबाकडे आली.

"केरबादादा, हा कुठल्या फांदीला टांगू रे? वारा कुठून लागतो ते तुलाच ठाऊक."

"भोपळा ज्यांच्याकडून घेतलास, त्यांना विचार की."

"ते कुठे थांबतात? दिला नि उडाले."

केरबा चरफडला. तरी उठला, फांदी दाखवली, गाठही आवळून दिली. "तुझ्यासारखा तूच," असे म्हणून आवडाक्का गेली.

दुसऱ्या दिवशी राघू आला. त्याच्या भोपळ्याचे तोंड अरुंद होते, ते जरा मोठे करून हवे होते. मग दयाळ आला, त्याचा भोपळा जरा हलत होता. सगळ्यांचे काम 'जरा'च असे, आणि जरा कामाची फळे द्यायची असतात हे कोणालाच सुचत नसे. नवी ढोली मात्र कोणी मागितली नाही.

त्या वर्षी रानाच्या सभेने केरबाचा सत्कार केला. रानातल्या कारागिरांचा आपल्याला किती अभिमान आहे, यावर पिंगळा बराच वेळ बोलला. सभा भोपळ्यांनी सजवली होती. शेवटी केरबाला दोन शब्द बोलायला सांगितले.

"यंदा ढोली कोणाला हवी आहे?" केरबाने विचारले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग राघूने पंख फडफडवून टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवली.

आठवडाभराने केरबा रान सोडून निघाला. आवडाक्का त्याला आडवी आली.

"असा कसा जातोस? आमचं काही अडलं तर?"

"तेच तर, आक्का! अडल्याशिवाय तुम्हाला मी आठवतच नाही. सत्कार कोणी मागितला होता? मला काम हवं होतं."

तो गेला. धनेश आता एका भोपळ्याला दुप्पट फळे मागू लागले, आणि दुसरीकडे जायला जागा नसल्यामुळे पक्षी आपल्या तोंडची फळेही देऊ लागले.

पुढच्या वैशाखात आवडाक्काचा भोपळा उन्हाने तडकला आणि भर दुपारी दुभंगला. दोन पिले झुडपात अडकून वाचली. तिसरे वाचले नाही. ती धनेशांकडे धावली.

"फुटला? मग नवा घ्या," थोरला धनेश म्हणाला. "जुन्याचं आम्ही बघत नाही."

तिने नवा घेतला. दुसरे करणार काय?

वर्षे गेली. नदीकाठचा उंबर वठला, मग त्याच्या शेजारचा वड. झाडे म्हातारी होऊन मरतातच, म्हणून पहिल्यांदा कोणी काळजी केली नाही. पण जमिनीतून नवे रोप कुठेच वर येईना. पिंगळ्याने त्यावर दोन सभा घेतल्या. एका सभेत उन्हाला दोष दिला, दुसरीत मातीला. फळे इतकी कमी झाली की धनेशांनी येणेच बंद केले.

अखेर पिलांच्या पोटासाठी आवडाक्का डोंगर चढून गेली. धनेशांची गयावया करून चार फळे मागून आणायची, एवढेच तिच्या मनात होते.

माथ्यावर ती थबकली. खाली खडकाळ माळ उरलाच नव्हता. धनेश ज्या खडकांवर बसून नेलेली फळे खात आणि बिया सांडत, त्या प्रत्येक खडकाच्या फटीतून, कडेने, भोवताली उंबर, वड, पिंपळ दाट वर आले होते. कोवळी, सरळ, डवरलेली झाडे पार क्षितिजापर्यंत पसरली होती.

ती जवळच्या फांदीवर उतरली आणि तिने एक उंबर फोडून पाहिले. चव तिच्याच रानाची होती.