आनंदाच्या हातावर दही

"पण बाबा, शत्रू काय संसदेचं अधिवेशन भरेपर्यंत थांबणार आहे?"

खासदार दिनकरराव कणसे तिसऱ्यांदा तेच विचारत होते. शिदाबाबा मठाच्या ओट्यावर बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होते. दोघेही एकमेकांना कंटाळले होते.

"कुठला शत्रू?"

"समुद्रापलीकडचा."

"म्हणजे तो आपल्या दारात आलेला न्हाई. आपण त्याच्या दारात निघालोय."

दिनकररावांनी कपाळ पुसलं. लहानपणी याच ओट्यावर बाबांनी त्यांचा कान पिळून बाराखडी गिरवून घेतली होती, म्हणून ते ऐकून घेत होते. दुसऱ्या कुणाचं घेतलं नसतं.

परवा दिल्लीत मतदान होतं. परदेशातल्या लढाईत सैन्य धाडायचं तर आधी संसदेची मंजुरी घ्यावी, असा ठराव आला होता. दिनकरराव त्याच्या विरोधात मत देणार होते. या गावात मात्र घरटी एक माणूस फौजेत, आणि सगळ्या गावानं सह्या करून त्यांना कळवलं होतं, की ठरावाच्या बाजूनं मत द्या. बाबांनी गावाला चार शब्द सांगून गप्प करावं, एवढ्यासाठीच साहेब आले होते.

"पाचशे माणसं बोलायला लागली की महिना जातो, बाबा. असली कामं झटपट व्हावी लागतात. सरकार ठरवेल. आम्ही सरकारच्या पाठीशी आहोत."

"मागं उभं राहून काही दिसतं का रे?"

"तुमच्याशी बोलणं म्हणजे..."

बाबा उठले. आत जाऊन दह्याची वाटी घेऊन आले आणि ती त्यांच्या हातात दिली.

"शेलारांचा आनंदा आज निघालाय. सुट्टी रद्द झाली. जहाजानं जायचंय, एवढंच त्याला सांगितलंय. जा, त्याच्या हातावर दही घाल."

"मी? त्याची आई आहे की घरात."

"हौसा घालंना. गावची रीत तुला ठाऊक हाय. दही घालणाऱ्यानं चारचौघांत सांगायचं, पोरगा कुठं चाललाय, कशापायी, माघारी कधी येणार. तिला न्हाई माहीत. तू दिल्लीत असतोस. तुला असंल."

दिनकरराव वाटी सांभाळत गेले. शेलारांचं घर चार घरं सोडून होतं, तरी त्यांना परतायला अर्धा तास लागला.

वाटी भरलेलीच होती. चेहरा लाल झाला होता.

"सगळी आळी गोळा झाली. ज्याचा त्याचा एक प्रश्न. किती दिवस? कुणाच्या हुकमाखाली? आपलं तिथं काय अडलंय? अहो, मला काय माहीत? मला कुणी सांगितलंय?"

"आनंदा काय म्हणाला?"

"तो हात पुढं करून उभा आहे."

"मग का न्हाई घातलंस?"

"मी कोण त्याला पाठवणारा?" दिनकररावांचा आवाज चढला. "सरकार पाठवतंय. मला विचारलं नाही, मी मत दिलं नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर ते माझ्या माथी कशाला? माझ्या हातून दही नको, बाबा."

एवढा शिकवला, दिल्लीला धाडला, आणि हा असा निघाला, हे बाबांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. वैतागून त्यांनी वाटी काढून घेतली आणि स्वतःच शेलारांच्या घराकडे चालू लागले.

"मी घालतो, ठाऊक न्हाई असं चारचौघांत सांगून," ते जाता जाता म्हणाले. "पण तो पेटीतून परत आला, तर हार घेऊन हौसाच्या दारात सगळ्यांच्या पुढं तू कोण म्हणून उभा राहशील, तेवढं आत्ताच सांग."