हौसा गंजू नये म्हणून

एका नदीच्या काठी गेनू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा, हीच पंचाईत होती.

त्याचं लग्न पलीकडच्या काठावरच्या हौसाशी ठरलं होतं. पण तिचे वडील बयाजी अडून बसले. म्हणाले, "आधी पूल होऊ द्या. माझी पोर मी नावेतून धाडणार न्हाई."

मग गेनू स्वतःच पुलाच्या कामावर लागला. सगळ्यात जास्त घाई त्यालाच होती.

तुळशीराम मुकादम म्हणाला, "नव्या काँक्रीटला रोज पाणी मार. पाण्यानं ते मजबूत होतं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी पुलाच्या पोटात घालायच्या पोलादी तारा आल्या. त्याही नव्याच होत्या. गेनूनं त्यांना भरपूर पाणी मारलं. तारा तांबूस झाल्या.

मुकादमानं कपाळावर हात मारला. "आरं, पाण्यानं पोलाद गंजतं! तार गंजली की पूल गेला. ओलं दिसलं की पुसायचं, तेल चोळायचं, ताडपत्रीत गुंडाळायचं."

"बरं."

त्याच आठवड्यात इंजिनिअर साहेब पाहणीला आले आणि पाय घसरून नदीत पडले. गेनूनं त्यांना बाहेर काढलं. पुसलं. टकलापासून बुटांपर्यंत तेल चोळलं. मग ताडपत्रीत गुंडाळून, सुतळीनं बांधून गोदामात ठेवून दिलं. दुपारी गोदामातून शिव्या ऐकू आल्या, तेव्हा साहेब सापडले.

मुकादम ओरडला, "आरं, जीव गुदमरंल की! हवा लागती. मोकळं करायचं!"

"बरं."

पुढे नव्या तारा पुलातल्या नळ्यांत ओवल्या, ताणल्या, आणि नळ्यांची तोंडं बंद केली. गेनूला त्या तारांची फार दया आली. त्यानं सगळी बुचं काढून टाकली.

मुकादमाला आता ओरडायचंही त्राण नव्हतं. तो हळूच म्हणाला, "गेनू, हौसा पायजे ना? मग ध्यानात ठेव. जपायचं ते आत. दोन्ही तोंडं बंद. पातळ सिमेंट भरायचं. वारा आत जाता कामा नये."

"बरं."

या वेळी मुकादम शेजारीच उभा राहिला, म्हणून सिमेंट नीट भरलं गेलं. पूल झाला. साहेबांनी गेनूला शाबासकी दिली, पण लांबूनच.

लग्न लागलं. वरात पुलावरून अलीकडे आली. बयाजींचे डोळे भरून आले. "जावईबापू, लई लाडाची पोर हाय. तिला वारासुद्धा लागू देऊ नका."

गेनूचा चेहरा उजळला. जन्मात पहिल्यांदाच त्याला काम आधीपासून येत होतं.

हौसा माप ओलांडून आत गेली. पाहुणे मांडवात जेवायला बसले. गेनूच्या घराला दोनच दारं, एक पुढे, एक मागे. पाहुणे हात धुऊन येतात तो एकही दार नाही. नुसती ओली भिंत, आणि शेजारी थापी धुणारा नवरदेव.

कौलांखालून हौसाचा आवाज आला, "अहो, दार कुठं गेलं?"

"बुजवलं. आता तू गंजत न्हाईस."

"मग तुम्ही आत कसं येणार?"

गेनूला हसू आलं. बायको भोळी मिळाली होती. तो मायेनं म्हणाला, "आगं येडे, आत तार असती. गवंडी भाईरच ऱ्हातो."