मुखी पाणी असलेला माणूस

जो तहान देतो आणि तहानेच्या आधी झरा निर्माण करून ठेवतो, त्या दयाघनाला दंडवत. त्याच्या पायांशी बसून एक लहानशी गोष्ट सांगतो. श्रोत्यांनी ती गोड मानून घ्यावी.

"बुवा, हात कापू नये म्हणून काय करावं?"

सोनगीरबुवा रांजणात वाळ्याची जुडी सोडत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"कशासाठी हात कापतो तुझा?"

"उद्या मुलाखत आहे. मागच्या वेळी सगळं पाठ होतं, पण ओतताना हात कापला. म्हणून नाकारलं त्यांनी."

विचारणारा हर्षद तेंडोलकर. घाटाखालच्या गावचा, विधवा आईचा एकुलता एक. शहरात राहून त्याने हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेतले होते आणि आता समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात, पाहुण्यांना मद्य ओतून देणाऱ्या बारटेंडरची जागा त्याला हवी होती. बाटली हवेत फिरवून पाठीमागे झेलण्यात त्याच्या वर्गात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हे तो स्वतःच सांगत असे.

लहानपणापासून तो घाटपायथ्याच्या या मठात येई. बुवांनी त्याला अक्षरे गिरवायला शिकवले होते, आरती शिकवली होती. आजचे येणे मात्र निराळे होते.

त्याचा बाप दारूत गेला होता. रोज दिवेलागणीला दोघांनी धरून त्याला घरी आणावे लागे, आणि एके दिवशी आणणाऱ्यांनाही उशीर झाला. त्या घरातल्या मुलाने हाच धंदा धरावा, हे आईच्या मनाला कसे मानवणार? ती भांडली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, की सोनगीरबुवांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला तर मी तुझ्या हातावर दही घालीन. नाही ठेवला, तर या घरातून त्या वाटेला पाऊल पडायचे नाही.

म्हणून हर्षद आला होता. हाताच्या कंपाचे विचारले खरे. मनात मागणे दुसरेच होते. आणि बुवांना ते कळत नव्हते, असे मुळीच नाही.

बुवांनी पितळेची झारी त्याच्या हाती दिली.

"आज पाणपोईवर तू बस."

"बुवा, मी विचारलं होतं..."

"ऐकलं मी."

ते चैत्राचे दिवस. घाट चढण्याआधी गाड्या मठापाशी थांबत आणि माणसे पाण्यासाठी उतरत. पेल्यांची पद्धत मठात कधीच नव्हती. येणाऱ्याने वाकून ओंजळ तोंडाशी लावायची, पाजणाऱ्याने वरून धार धरायची. पुरे झाले, की पिणारा मान हलवतो आणि धार थांबते. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले होते.

एस.टी. येऊन थांबली. हर्षदने झारी उचलली आणि त्याच्या अंगात उत्साह संचारला.

त्याने हात खांद्याच्या वर नेला. तिथून सुतासारखी धार सोडली. ती कुठे तुटेना, कुठे फाटेना. मग हात पाठीमागून वळवून, कोपराखालून धार सोडली. दोघेतिघे कॉलेजची मुले थांबून पाहू लागली. कंडक्टर कौतुकाने म्हणाला, की असा हात असता तर मी तिकिटं फाडत बसलो नसतो. कोणीतरी विचारले, हे कुठे शिकलास? हर्षदने अभिमानाने सांगितले, आणि उद्याच्या मुलाखतीचेही सांगितले.

"म्हणजे मठात आता बारची तालीम चालते म्हणायची," कंडक्टर हसून बुवांकडे पाहू लागला.

बुवा वाळ्याची दुसरी जुडी धूत होते.

तेवढ्यात एक म्हातारा ओंजळ करून वाकला. हर्षदने धार आणखी उंच नेली. मुलांनी वाहवा केली. म्हाताऱ्याने मान हलवली... पुन्हा हलवली... धार चालूच होती.

पाणी त्याच्या नाकात गेले. ठसका लागला, डोळे लाल झाले, तो कठड्याला धरून खाली बसला.

हर्षद वरमला. पण तरुण माणसाला वरमणे लगेच सोसत नाही.

"आजोबा, पुरे म्हणून सांगायचं होतं ना."

म्हाताऱ्याने पंच्याने तोंड पुसले. श्वास पुरता जागेवर आल्यावर तो म्हणाला, "तोंडात पाणी असताना सांगू कशानं, लेकरा? पाणी पाजतोस का गळा घोटतोस?"

एस.टी. हसली. हसतच घाट चढू लागली.

मागे उरली शांतता आणि ओला चौथरा.

बुवा जवळ येऊन बसले. रागावले नाहीत. सहज विचारावे तसे विचारले, "म्हाताऱ्याच्या डोक्यावर पागोटं होतं की टोपी?"

हर्षदने आठवून पाहिले.

"... लक्ष नव्हतं, बुवा."

"आणि धार?"

"धार अखंड होती. शेवटपर्यंत."

"हं," बुवा म्हणाले, आणि उठून गाभाऱ्यात गेले.

मग बराच वेळ कोणी आले नाही. हर्षद झारी मांडीवर घेऊन बसला. म्हाताऱ्याचे शब्द त्याच्या मनातून हलेनात. एखादे कुसळ पायात मोडावे आणि चालताना दर पावलाला टोचावे, तसे ते टोचत राहिले.

एक लाकडाची मोळी घेतलेली बाई आली. मोळी उतरवून ती वाकली. हर्षदने या वेळी हात खाली घेतला. धार पाहिली नाही; तिच्याकडे पाहिले. तिच्या कपाळावर मोळीच्या दोरीचा वळ होता. घोट घेताना तिचे डोळे मिटत होते. मान जरा हलते आहे असे दिसताच त्याने धार थांबवली.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली आणि निघून गेली. तिने त्याच्या हाताकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

नंतर कोणी ट्रकवाला आला, कोणी सायकलवाला, नवे लग्न झालेले एक जोडपे आले. कौतुक कोणीच केले नाही. हर्षदलाही त्याची उणीव भासली नाही. आणि एकाएकी त्याच्या लक्षात आले, की आपला हात केव्हाचा कापलेला नाही.

बुवा बाहेर आले तेव्हा उन्हे कलली होती.

"बुवा," हर्षद हळू आवाजात म्हणाला, "मी मघाशी खोटं बोललो. म्हणजे, मला ते खरंच वाटत होतं. पण हात कापला म्हणून नाकारलं नव्हतं त्यांनी."

बुवा कठड्याला टेकले.

"हात कापला तर साहेब हसले होते. बस, म्हणाले, पाणी पी. मग त्यांनी विचारलं, पाहुण्याला पुरे झालं हे तू कधी समजशील? मी म्हणालो, तो पुरे म्हणेल तेव्हा. मला वाटलं होतं, उत्तर बरोबर आहे. त्यांनी कागद मिटला."

वाऱ्याने पाणपोईवरचा पिंपळ सळसळला.

"आणि बाबा..." हर्षदने झारी खाली ठेवली. "बाबा कधीच पुरे म्हणाले नाहीत, बुवा. एकदाही नाही."

बापाचे नाव निघाले की लोक काहीतरी समजुतीचे बोलतात. बुवांनी तसे केले नाही. अंगावरची छाटी सावरून ते चौथऱ्यापाशी आले, गुडघे टेकले, वाकले आणि ओंजळ तोंडाशी लावली.

"मला पाज."

हर्षदने झारी उचलली.

ज्यांनी आपल्याला पहिला ओंकार गिरवायला लावला, त्या गुरूंना आज तो पाणी पाजत होता. त्याने श्वास रोखला. झारी कुठे आहे, धार कशी आहे, याचा त्याला विसर पडला. पांढऱ्या दाढीत चमकणारे थेंब, वाकलेली मान, त्वचेखाली वरखाली होणारा कंठ, एवढेच जग उरले.

बुवा पीत राहिले.

मान हलली नाही. डोळे मिटलेले होते. खूण कसलीच नव्हती.

हर्षदने धार थांबवली.

ओंजळ रिकामी झाली. खाली एक थेंब सांडला नाही. बुवांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले.

"मी मान हलवली नव्हती."

"नाही, बुवा."

"मग?"

"तुमचा घोट... हळू झाला होता."

बुवा तसेच गुडघ्यांवर होते. मग उठले. ओले हात पुसले नाहीत. तेच ओले हात त्यांनी हर्षदच्या डोक्यावर ठेवले, आणि केसांतून पाणी निथळून त्याच्या कपाळावर आले.

हर्षदने विचारले, "आईला काय सांगू, बुवा? दारूच ती. बाबा जिच्यापायी गेले, तीच मी ओतणार. तिला कसं सांगू?"

बुवांनी झारी त्याच्या हातातून घेतली आणि रांजणाच्या कडेवर पालथी ठेवली.

"केस पुसू नकोस, तसाच घरी जा. आई दही घालील हातावर, ते घे... आणि उद्या वेळेवर पोच. तिथेही कुणाचा तरी बाप येऊन बसायचा आहे."

श्रोतेहो, तुमच्या घरचा माठ भरलेला असो. उंबऱ्याशी आलेला कोणीही तहानलेला परत न जावो. आणि प्रत्येक घरातून संध्याकाळी जो जो बाहेर पडला असेल, तो आपल्या पायांनी, दिवा जळत असताना, सुखरूप घरी येवो.