उंबरठ्यावरची साळुंकी

एका राज्यात वाचलेले विसरण्याचा शाप होता. राजवाड्याच्या ग्रंथगृहात सारी शास्त्रे होती. आत बसून वाचावे, समजल्यासारखे वाटावे, आणि उंबरठा ओलांडताच मन धुतलेल्या पाटीसारखे कोरे व्हावे. ग्रंथ बाहेर आणला तर त्याची राख होई.

हा शाप एका मांत्रिकाचा. राणी हेमांगदेने त्याला ग्रंथगृह देण्यास नकार दिला होता. जाताना तो नम्रपणे तिच्या पाया पडला, आणि जिथे हात लागला तिथून राणी दगड होऊ लागली.

त्यावरचा उतारा ग्रंथगृहातल्या वनौषधींच्या पोथीत होता. राजवैद्य आत जाऊन कोरे परतले. तेव्हा वृद्ध त्रिविक्रमशास्त्र्यांना पाठवले. राज्यात त्यांच्याइतके कोणी वाचले नव्हते, आणि त्यांच्याइतके कोणी भ्यालेलेही नव्हते.

पहिल्या खेपेस त्यांनी उतारा घोकून पाठ केला. उंबरठ्यावर मांत्रिकाची साळुंकी बसली होती. तिने त्यांच्या जिभेवरचे शब्द दाण्यांसारखे टिपले. दुसऱ्या खेपेस त्यांनी तो तळहातावर लिहिला. साळुंकी शाई पिऊन गेली.

"शास्त्रीबुवा, कंबर गेली," राणी म्हणाली. "आता कोणासाठी उठून उभं राहायला नको."

शास्त्र्यांना हसता आले नाही. ते साळुंकीपुढे हात जोडून उभे राहिले.

"तू काय खात नाहीस?"

"उसने शब्द खाते. ज्याचे त्याचे स्वतःचे शब्द मला पचत नाहीत."

तिसऱ्या खेपेस त्यांनी पोथी वाचली आणि मिटली. काहीच आठवेना. जन्मभर आपण वाचले, की नुसती पाने उलटली? मग त्यांनी डोळे मिटून राणीला समोर बसवले आणि तिला सांगू लागले. सांगून झाल्यावर पोथी उघडली, तर चूक दिसली. लेप लावण्याची दिशा ते उलटी बोलले होते. त्यांनी पुन्हा पोथी मिटली आणि पुन्हा सांगितले.

उंबरठ्यावर साळुंकीने चोच उघडली. शास्त्री बोलत राहिले.

"मूळ माझ्या करंगळीसारखं वाकडं. तव्यावर थेंब नाचावा इतक्याच आचेवर शिजवायचं. लेप वरून खाली, बाळाला न्हाऊ घालतात तसा. खालून वर लावला तर दगड काळजात शिरेल. ही चूक मी केली होती."

साळुंकीने शब्द टिपले, आणि ठसका लागून थुंकून टाकले.

मूळ आणून लेप शिजवेपर्यंत दगड राणीच्या गळ्याशी आला होता. "पोथीत असंच आहे ना?" राजवैद्यांनी विचारले. "शब्द निराळे आहेत," शास्त्री म्हणाले, आणि बाळाला न्हाऊ घालावे तसा त्यांनी गळ्याला वरून खाली लेप लावला. गळा मऊ झाला. मग खांदे, मग कंबर. शेवटी पायाची बोटे हलली.

"न्हाऊ घालताना गाणं म्हणतात, शास्त्रीबुवा," राणी म्हणाली.

त्याच क्षणी साळुंकीच्या चोचीतून गिळलेले सारे शब्द बाहेर पडले आणि ज्याचे त्याला परत मिळाले. शाप सुटला. साळुंकी साधी साळुंकी झाली, पण उंबरठा तिने सोडला नाही. राणीने रीत घालून दिली: वाचणाऱ्याने ग्रंथ मिटावा, आणि काय कळले ते साळुंकीला आपल्या बोलीत सांगावे. शास्त्री अजून रोज सांगतात. रोज छाती धडधडते, रोज एखादी चूक होते, आणि ते मागे फिरून पान उघडतात.

राणीचे पाय जसे पुन्हा भुईला लागले, तसे वाचणाऱ्याचे वाचलेले त्याच्या अंगी लागो.