अंगणाकडचं दार

ही गोष्ट फार जुन्या काळातली. किती जुन्या, ते कोणी विचारू नये. गावाला वेस होती, वेशीबाहेर जांभळाचं मोठं झाड होतं आणि साऱ्या गावात सुतार एकच होता, एवढं कळलं तरी पुरे.

सुतार हाताचा पक्का आणि बोलायला कमी. लाकडावर खूण एकदा करायचा, करवत एकदा चालवायचा. त्याची बायको कामसू आणि मायाळू, पण तिचं मन लवकर ठरत नसे. मडकं घ्यायला गेली तर कुंभाराची सगळी मडकी वाजवून बघायची आणि पहिलंच घेऊन यायची. सुतार तिला हसायचा. तिनं आणलेलं मडकं कधी गळलं नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक लांबच्या गावी दिली होती. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपणाला ती माहेरी येणार होती. गावची सुईण घरी येऊन बजावून गेली, "मागच्या खेपेला पोरीला विसावा मिळाला नाही. या खेपेला तिला वारा लागू देऊ नका, धूर लागू देऊ नका आणि तिची झोप मोडू देऊ नका."

घर लहान होतं. सुतारानं ठरवलं, पडवी बंद करून लेकीसाठी खोली करायची. त्यानं कारवीच्या काठ्यांचा कुड बांधला, तो शेणामातीनं लिंपला. सागाची चौकटही तयार झाली. राहिलं एक दार.

"दार कुठं काढू?" त्यानं विचारलं.

"अंगणाकडे काढा," बायको म्हणाली.

सकाळी उठल्यावर म्हणाली, "अंगणाकडे नको. परसाकडे बरं."

सुतारानं परसाकडे खूण केली. संध्याकाळी ती तिथं जाऊन उभी राहिली. "इकडून नदीचा गार वारा येतो हो. स्वयंपाकघरातून काढलं तर?"

"आणि चुलीचा धूर?"

"तेही खरं. मग अंगणाकडेच. पण..."

"पण काय?"

"काही नाही," असं म्हणून तिनं केरसुणी उचलली आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला घेतलं.

असं बरेच दिवस चाललं. कुडावर चहूकडे कोळशाच्या खुणा झाल्या. शेजारचा तेली कुंपणावरून म्हणाला, "दादा, दार बसवताय की गावात फिरवून आणताय?"

"चौकटीला चाकं लावतोय," सुतार म्हणाला.

शेवटी त्याचा धीर संपला. तो बायकोला म्हणाला, "तू जा आणि लेकीला घेऊन ये. आलीस की दार दिसेल."

"कुठं दिसेल?"

"बसवीन तिथं."

ती गाडीत बसली. गाडी वळताना म्हणाली, "अहो, घाई नका करू." गाडी वेशीपर्यंत पोचली नसेल, तोच सुतारानं करवत हातात घेतली. अंगणाकडचा कुड कापला, चौकट बसवली, दार टांगलं. दार असं नेटकं झालं, की लोक बघायला आले. सुतार खूश झाला.

लेक आली. दारावरून हात फिरवून म्हणाली, "बाबा, छान झालंय." मग आत जाऊन आडवी झाली. सुतार अंगणात आपल्या कामाच्या ओंडक्याशी बसला आणि लाकूड तासायला त्यानं वाकस उचलला. पहिल्या घावाला लेक दचकून उठली. दुसऱ्या घावाला तिनं कानांवर उशी घेतली. पण बोलली नाही. बाबांचं पोटापाण्याचं काम. त्यांना काय सांगायचं?

रात्री तिला पाठ टेकवत नसे आणि दिवसा डोळा लागला की ठोकाठोक सुरू होई. तिचे डोळे खोल गेले. आई खीर करी, लाडू करी; ताट तसंच परत येई. एके दिवशी सुईण आली. तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. बाहेर येऊन म्हणाली, "पोर झोपत नाही. असंच चाललं तर मागच्यासारखं होईल."

सुतारानं हे ऐकलं मात्र, तो करवत घेऊन उठला. "परसाकडे दार काढतो. आत्ता."

"वारा लागेल," बायको म्हणाली.

"मग स्वयंपाकघरातून काढतो."

"धूर येईल."

"मग कुठं ते तरी सांग. तुझं ठरणार कधी?"

ती दारापाशीच घुटमळली. तिचे डोळे भरून आले. आजवर ती अशी घुटमळली की सुतार मान फिरवायचा. आज त्यानं ती कुठं बघते आहे ते पाहिलं. ती कुडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती अंगणातल्या ओंडक्याकडे.

सुतारानं करवत खाली ठेवली. "तुला अडतंय काय?"

"दाराची खरी जागा हीच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "इथं ऊन येतं. वारा नाही, धूर नाही. पण इथं तुम्ही दिवसभर ठोकता."

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुमच्या वडिलांनी याच अंगणात काम केलं, आजोबांनी केलं. पाटील एकदा म्हणाले, ओंडका जरा सरकवा, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. लेकीची झोप मोडावी की तुमचं मन, हे मला ठरवता येईना."

सुतार जन्मापासून त्या आवाजात राहिला होता. तो आवाज दुसऱ्याला ऐकू येतो, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

तो तडक अंगणात उतरला. बायकोला वाटलं, झालं, रागावले. त्यानं ओंडक्याला दोर बांधला आणि तो ओढायला लागला.

"काय दादा, घराबाहेर काढलं वाटतं?" तेली म्हणाला.

"दोर धर," सुतार म्हणाला.

दोघांनी ओंडका वेशीबाहेर जांभळाखाली नेला. तिथली ठोकाठोक गावात पोचत नव्हती. त्या दुपारी लेक जी झोपली, ती दिवेलागणीला उठली आणि उठल्याबरोबर तिनं भाकरी मागितली.

पुढं दिवस भरले. एका सकाळी सुताराची बायको लगबगीनं जांभळाखाली आली. "नात झाली," ती म्हणाली.

"रडते का?"

"घर डोक्यावर घेतलंय."

सुतार ओंडक्यावर बसला आणि पागोट्याच्या टोकानं त्यानं तोंड पुसलं. बायकोही शेजारी टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, "पाळणा कुठं टांगायचा हो? तुळईला टांगावा तर ऊन पोचत नाही. दाराशी टांगावा तर येताजाता धक्का लागेल."

"चल," सुतार म्हणाला, "दोघं तिथं उभं राहून बघू." आणि तो तिच्या पावलानं सावकाश घराकडे निघाला.

ज्याचं मन ठरत नाही, त्याला घाई करू नये. काय अडतंय ते विचारावं, कारण पुष्कळदा ते आपल्यापाशीच अडलेलं असतं.