मागच्याच्या पायांनी

पूर्वी डोंगरांनी वेढलेल्या एका नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या अरण्यात हरिणाच्या योनीत जन्मले आणि एका कळपाचे नायक झाले. दर ग्रीष्मात खालची कुंडे आटत. मग कळप डोंगर ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जाई. वाट नायकाने निवडावी, अशी त्यांची रीत होती.

सरळ वाट खिंडीतून उभी चढे. ती एका प्रहराची होती. बोधिसत्त्व मात्र अलीकडे दर वर्षी माथ्याच्या किंचित खालून, उतार आडवा धरून, झाडीच्या आडोशाने कळपाला नेत. त्या वाटेला दोन दिवस लागत. शिवाय प्रत्येक वळणावर ते नाकपुड्या फुलवून उभे राहत आणि म्हणत, "वारा पाहू या."

कळपातल्या शीघ्रक नावाच्या तरुण हरिणाला हे थांबणे सोसत नसे.

"आजोबा वारा पाहतात, की उभ्या उभ्या डुलकी काढतात?" तो सोबत्यांना ऐकू जाईल असे विचारी.

"डुलकीलाही वारा लागतोच, बाळा," असे म्हणून बोधिसत्त्व आणखी थोडे थांबत.

एका वर्षी ग्रीष्म लवकर आला. पाडसे तहानेने व्याकूळ झाली. शीघ्रक पुढे होऊन म्हणाला, "आज खिंडीतून जाऊ. वाट मी दाखवतो."

"त्या वाटेवर हरिणांचे ठसे फार उमटले आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "ठसे व्याधांनाही वाचता येतात. आणि चढ सर्वांना झेपेल असा नाही."

"मग तुम्ही मागून या, आजोबा. वारा पाहत पाहत."

कळप हसला आणि शीघ्रकामागे निघाला. बोधिसत्त्वांनी कडेला सरून सर्वांना वाट दिली. मग म्हणाले, "बरे. मी मागेच राहतो."

शीघ्रकाने चढताना एकदाही मागे वळून पाहिले नाही. पाडसे तळ्यात तोंड घालून पाणी पिऊ लागली, तेव्हा त्याने अभिमानाने आपल्या आईला, रोहितेला, शोधले. ती नव्हती.

तो धावत खिंडीत परतला. खाली खडकाळ चढावर रोहिता एक पाय उचलून उभी होती. तिच्या शेजारी बोधिसत्त्व होते. ठशांचा माग काढत व्याध आणि त्यांचे कुत्रे वर येत होते. बोधिसत्त्वांनी रोहितेला करवंदीच्या जाळीत ढकलले आणि ते उघड्या माथ्यावर चढले. जिथे मागे केवळ आकाश असते तिथे हरिणाने कधी उभे राहू नये, असे त्यांनीच सर्वांना शिकवले होते. तिथेच ते उभे राहिले. कुत्रे वळले. बाण लागलेला शीघ्रकाने पाहिला.

संध्याकाळी रोहिता लंगडत तळ्यावर पोचली.

"तीन वर्षांपूर्वी पाय दुखावला, तेव्हापासून चढ जमत नाही," ती म्हणाली. "म्हणून ते आडव्या वाटेने नेत."

"मला का नाही सांगितलेस?"

"मीच त्यांनाही सांगू नका म्हटले. तुझ्या आईपायी कळप रखडतो, असे कुणी तुला टोचू नये म्हणून."

"आणि तो वारा?"

"वारा ते खरोखरच पाहत. पण वारा पाहायला इतका वेळ लागत नाही रे."

पुढे शीघ्रक नायक झाला. तो प्रत्येक वळणावर थांबे. तरुण हरिणे हसत. मागचे सगळे येऊन पोचल्यावरही तो थोडा वेळ तसाच उभा राही. ज्यांची क्षमा मागायची होती, ते येणार नव्हते.

आपल्या वृद्ध गुरूंना चढावर मागे टाकून विहारात आधी पोचलेल्या भद्रक भिक्खूला ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाचा शीघ्रक तू होतास. रोहिता म्हणजे अजून वाटेत असलेले तुझे गुरू, आणि कळपाचा नायक मी होतो. वाट पुढच्याच्या डोळ्यांनी दिसते. पण ती मागच्याच्या पायांनी निवडावी. या निवडीचे नाव करुणा."

भद्रक उठला आणि चढ उतरू लागला.