झिपऱ्याची आरोळी

फार जुन्या काळी, जंगलातली बातमी झाडाच्या शेंड्यावरूनच यायची, तेव्हाची ही गोष्ट. झिपऱ्या नावाचा वानर तळ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर बसून पहारा द्यायचा. तो ओरडला की खालची हरणं काहीही न विचारता पळत सुटायची. वाघापासून ती अशीच वाचायची.

एका उन्हाळ्यात तळ्याचं पाणी नासलं. ते पिऊन दोन रानडुकरं काठावरच आडवी झाली. झिपऱ्याने वरून सगळं पाहिलं आणि ठणाणा सुरू केला, "साथ आली! साथ आली! आता कुणी वाचत नाही!"

हरणं सवयीप्रमाणे उधळली. ऊन डोक्यावर येईपर्यंत धावली. घशाला कोरड पडली, तशी तळ्यावर आली आणि पोटभर पाणी प्यायली.

संध्याकाळी निम्मा कळप कण्हत पडला होता. झिपऱ्या मात्र खुशीत होता. "बघा, सगळ्यांच्या आधी मीच सांगितलं की नाही?"

एका म्हाताऱ्या हरिणीने कशीबशी मान उचलली. "सांगितलंस रे बाबा. पण पाणी पिऊ नका, एवढंच म्हणाला असतास तर?"

झिपऱ्याने डोकं खाजवलं.

"पण आजी, मग कुणी पळालंच नसतं!"